आमदारसाहेब, आमचा प्रश्न विचारला का?



अधिवेशन आले की वर्तमानपत्रांचे रकाने भरून वाहतात. कोण कोणावर धावून गेला, कोणी सभात्याग केला, विधानभवनाच्या पायऱ्यांवर कोणी गळ्यात कापसाच्या माळा घालून फोटो काढून घेतले. मग अधिवेशन संपते, पुढारी आपापल्या गाड्यांनी परततात आणि घरातला कापूस होता तिथेच असतो. पारावर बसलेला म्हातारा म्हणतो, "तिथं जाऊन काय होतंय? नुसता तमाशा!"

आम्हाला हे म्हणणे अर्धे मान्य आहे. अर्धेच. तमाशा होतो हे खरे. पण जो भाग तमाशाचा नाही, तो वर्तमानपत्रात छापून येत नाही आणि आपणही तो कधी मागून वाचत नाही. ज्या दिवशी सभागृहात एखाद्या खात्याच्या मंत्र्याला उभे राहून "होय, हे खरे आहे" असे म्हणावे लागते, त्या दिवशी सरकारने स्वतःच्या तोंडाने कबुलीजबाब दिलेला असतो. तो कागद आपल्या हाती असावा, ही साधी गोष्ट आपण आजवर केली नाही. पनवेलच्या जिल्हा बैठकीसाठी हा अंक छापताना तेवढ्याच एका गोष्टीवर लिहायचे आम्ही ठरवले आहे.

सभागृहाचा दिवस कसा जातो?

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार आहेत, विधान परिषदेत ७८. कामकाजाचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा. आमदारांनी अधिवेशनाच्या कितीतरी दिवस आधी लेखी प्रश्न पाठवलेले असतात. ज्या प्रश्नाच्या आकड्यावर ताऱ्याची खूण, तो तारांकित. त्याला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर इतर आमदारही उपप्रश्न विचारू शकतात. खूण नसलेला तो अतारांकित, त्याचे उत्तर लेखी मिळते. यादीत प्रश्न पुष्कळ असतात, तासाभरात तोंडी चर्चा होते ती मोजक्यांची. बाकीच्यांची उत्तरे छापील कागदावरच राहतात. पण कागदावर राहतात, हे विसरू नका.

तास संपला की मंत्री आपापल्या खात्यांचे अहवाल पटलावर ठेवतात. मग लक्षवेधी सूचना येतात. विधानसभेच्या नियम १०५ खाली आमदार तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधतो आणि मंत्र्याला निवेदन करावे लागते. नियम २९३ खाली एखाद्या विषयावर लांब चर्चा होते. दुष्काळ, अतिवृष्टी, कापसाचा भाव हे विषय बहुधा याच वाटेने येतात. कोणी औचित्याचा मुद्दा काढतो. मग विधेयके येतात. आणि जवळजवळ प्रत्येक अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरचा जादा पैसा कोणत्या खात्याला किती, याचा हिशेब. भाषणात काहीही बोलता येते, पण पैसा कुठे चालला आहे हे त्या मागण्यांच्या पुस्तिकेत दिसते. मदतीची घोषणा भाषणात झाली आणि पुस्तिकेत तिच्या नावाची ओळ नसली, तर पैसा कोणत्या खात्यातून येणार हे विचारायलाच हवे.

प्रश्न कसा लिहितात, तेही पाहून ठेवा. ती भाषा ठरलेली असते. नमुना असा:

(१) अमुक तालुक्यात अमुक महिन्यात झालेल्या अतिवृष्टीने कापूस व ज्वारीच्या पिकांचे नुकसान होऊन पंचनामे झालेल्या शेतकऱ्यांना अद्याप मदत मिळालेली नाही, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, किती शेतकऱ्यांचे पंचनामे झाले, किती जणांच्या खात्यावर रक्कम जमा झाली व किती जण शिल्लक आहेत;
(३) असल्यास, उर्वरित शेतकऱ्यांना कोणत्या तारखेपर्यंत मदत देण्यात येणार आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आता उत्तरांची भाषा पाहा. "हे खरे आहे" आले तर खाते कबूल झाले. "हे अंशतः खरे आहे" आले तर समजा की बरेचसे खरे आहे. "हे खरे नाही" असे उत्तर पहिल्या कलमाला दिले की खालच्या सगळ्या कलमांना "प्रश्न उद्भवत नाही" एवढे लिहून खाते मोकळे होते. "माहिती गोळा करण्यात येत आहे" याचा अर्थ पुढच्या अधिवेशनापर्यंत सुटका. आणि "कार्यवाही सुरू आहे" याचा अर्थ तुम्हा-आम्हाला सांगायला नको. सरकारी काम आणि सहा महिने थांब.

म्हणून प्रश्न लिहिणाऱ्याचे सगळे कसब पहिल्या कलमात असते. "शेतकऱ्यांवर अन्याय होत आहे, हे खरे आहे काय" असे विचारले की "हे खरे नाही" म्हणून मंत्री खाली बसतो. पण तालुका, महिना, गावांचा आकडा, तहसीलदाराच्या पत्राचा क्रमांक घालून विचारले, तर नाही म्हणायला तोंड उरत नाही. हा आकडा आमदाराला मुंबईत बसून मिळत नाही. तो आपल्याकडे असतो, तलाठ्याच्या दप्तरात, बाजार समितीच्या काटापट्टीत, बँकेच्या पासबुकात. आपण तो देत नाही, मग प्रश्न पोकळ होतो आणि उत्तरही पोकळ येते.

कोणाला काय विचारायचे?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. मुंबई-नागपूरच्या सभागृहाला सगळेच अधिकार नाहीत. घटनेच्या सातव्या अनुसूचीत याद्या आहेत. शेती, जमीन, पाणी, बाजार हे विषय राज्याच्या यादीत. परदेशाशी व्यापार केंद्राच्या यादीत. आणि कच्चा कापूस व सरकी दोघांच्या सामाईक यादीत, नाव घेऊन लिहिलेली.

याचा अर्थ काय? २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये, मध्यम धाग्याला ७,७१० रुपये आणि मालदांडी ज्वारीला ३,७४९ रुपये आधारभूत भाव ठरवला. हा भाव राज्याची विधानसभा ठरवत नाही. त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले आणि वर्षअखेरपर्यंत उठलेलेच ठेवले. आपला कापूस घरात यायच्या वेळी बाहेरचा कापूस बिनशुल्क आला. हा प्रश्न नागपूरला विचारला तर मंत्री म्हणणार, "केंद्र शासनाशी संबंधित आहे." आणि त्याचे म्हणणे कायद्याने बरोबर असणार. तो प्रश्न खासदाराला दिला पाहिजे. ब्रिटनमध्ये स्कॉटलंडला १९९९ साली स्वतःची संसद मिळाली, पण तिथेही शेती स्कॉटलंडकडे आणि परदेशी व्यापार लंडनकडे. तिथल्या शेतकऱ्यालाही निम्म्या प्रश्नांना हेच उत्तर मिळते.

पण "केंद्राचा विषय" ही पळवाटही होते. सामाईक यादीत कापूस आहे म्हणून तर महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७१ साली कापूस खरेदीचा कायदा केला आणि १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी सुरू झाली. आपला कापूस सरकारलाच घालायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. मुदत संपत आली की पुन्हा मुदतवाढ. चुकाऱ्याच्या चिठ्ठ्या, प्रतवारीतली लूट, केंद्रावर चार-चार दिवस उभ्या राहिलेल्या गाड्या, हे सगळे आपल्या पिढीने भोगले. १० डिसेंबर १९८६ ला तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सुरेगावला कापूस आंदोलनात पोलिसांच्या गोळीने तीन शेतकरी गेले. तीसएक वर्षे ही योजना कायद्याच्या जोरावर उभी राहिली आणि तो कायदा आपण निवडून दिलेल्या माणसांनी हात वर करून केला होता. बियाण्याच्या भावासाठीही राज्याने २००९ साली स्वतःचा कायदा केला. मग कापसाच्या बाबतीत राज्याचा हात बांधलेला आहे, असे कोणी सांगितले तर ऐकून घेऊ नका.

पीक विम्याचेही तसेच. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात विमा दिला, २०२५ च्या खरिपापासून तो बंद केला. दोन्ही निर्णय राज्याचे. मग किती शेतकरी योजनेतून बाहेर पडले, कापसाला हप्ता किती पडला, भरपाई किती मिळाली, हे विचारायची जागा मुंबई आहे.

पनवेलच्या मातीचा धडा

आमचे वाचक कापूस-ज्वारीचे कोरडवाहू शेतकरी. पनवेलची माती भाताची आणि मिठागरांची. सोलापूर-मराठवाड्याकडून मुंबईला जाणारी वाट पनवेलवरून जाते, एवढाच आपला तिच्याशी संबंध, असे कोणाला वाटेल. तसे नाही. सभागृहाकडून काम कसे करून घ्यावे, याचा धडा या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी घालून दिला आहे.

पनवेल ज्यात येत होते त्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात आणि रत्नागिरीत खोतांचे राज्य होते. १९३३ पासून अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या परिसरात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायचे बंद केले. तो संप सहा वर्षे चालला. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वतःची विधानसभा मिळाली आणि १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुण्यात भरलेल्या मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. सभागृहात त्यांच्या पक्षाकडे बहुमत नव्हते, विधेयक पुढे सरकेना. तेव्हा १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने गेले. खोती प्रत्यक्ष रद्द झाली ती १९४९ च्या कायद्याने. विधेयक मांडल्यापासून बारा वर्षे. पण त्या दिवशी आत मांडलेला कागद आणि बाहेर उभी राहिलेली माणसे, दोन्ही नसते तर ती बाराची बावीस झाली असती.

पुढे १९७० साली नवी मुंबई वसवायची ठरली, सिडको स्थापन झाली आणि पनवेल, उरण, ठाणे भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. जमीन घेतली कवडीमोलाने, शहर उभे राहणार सोन्याच्या भावाने. या शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटील. पनवेलमधून पाच वेळा विधानसभेवर, दोन वेळा विरोधी पक्षनेते, दोन वेळा लोकसभेवर. सभागृहाचे नियम त्यांना पाठ होते. पण नियमांवर विसंबून ते घरी बसले नाहीत. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासईजवळ दास्तान फाट्याला आणि नवघरला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या रक्तातून आणि त्यानंतरच्या पाठपुराव्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचा निर्णय १९९० साली शासनाला घ्यावा लागला. जमीन गेलेल्या माणसाला शहराच्या वाढत्या किमतीत वाटा, हे तत्त्व मान्य झाले. विमानतळासाठी ज्यांची गावे उठली त्यांना पुढे साडेबावीस टक्के कबूल करावे लागले, ते याच पायावर.

पण इथेही एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. साडेबारा टक्क्यांतून सार्वजनिक सोयींसाठी पावणेचार टक्के कापले जातात. हाती राहतात पावणेनऊ. घोषणा साडेबाराची, पदरात पावणेनऊ. म्हणून सांगतो, टाळ्या वाजवण्याआधी शासन निर्णयाचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ऑगस्ट २०२२ मध्ये विधिमंडळाने या विमानतळाला दि. बा. पाटलांचे नाव द्यावे, असा ठराव केला. असा ठराव म्हणजे केंद्राकडे शिफारस, निर्णय नव्हे. ठराव, आश्वासन, निर्णय, कायदा आणि प्रत्यक्ष पैसा, या पाच वेगवेगळ्या वस्तू आहेत. एकीची पावती दुसरीच्या नावाने घेऊ नये.

सभागृह नुसते बोलते, करत काही नाही, असे म्हणणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यांना आम्ही रोजगार हमीची आठवण देतो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली पिढी अजून आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी कामाच्या हक्काची कल्पना धरून ठेवली आणि १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला. काम मागेल त्याला काम, हा उपकार न राहता हक्क झाला. देशाचा रोजगार हमी कायदा आला २००५ साली, आपल्या कायद्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी. आणि सांगोल्यासारख्या दुष्काळी, ज्वारीच्या तालुक्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, ते सभागृहात बसून पाण्याचा आणि शेतीचा प्रश्न लावून धरत म्हणूनच.

दिवसच कमी झाले तर?

आता काळजीची गोष्ट. प्रश्न विचारायचे दिवसच आटत चालले आहेत. साथीच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, पावसाळी अधिवेशन दोन दिवसांत उरकले आणि प्रश्नोत्तराचा तास झालाच नाही. साथ होती, समजू शकतो. पण डिसेंबर २०२४ मध्ये साथ नव्हती. नागपूरचे अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असे सहा दिवसांचे झाले आणि मंत्र्यांना खाती वाटून मिळाली ती शेवटच्या दिवशी. पणन कोणाकडे, कृषी कोणाकडे, हेच ठरले नसेल तर कापसाचा प्रश्न विचारायचा कोणाला? १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला हे अधिवेशन मिळाले. ते भरते ऐन कापसाच्या हंगामात. वेचणी चाललेली, बाजारात आवक वाढलेली, भाव पडलेला. त्या वेळी सभागृहाचा एक दिवस कमी होणे म्हणजे आपल्या बाजूचा एक साक्षीदार कमी होणे.

आणि आपण काय करतो? गोंधळामुळे सभागृह दिवसभर तहकूब झाले, अशी बातमी वाचून आपल्या आमदाराने कसा दणका दिला म्हणून खूश होतो. तहकूब झालेल्या तासात मंत्र्याला उत्तर द्यावे लागत नाही, हे ध्यानात घ्या. गोंधळ विरोधी बाकांनी घातला तरी सुटका सरकारची होते.

जिल्हा बैठकीपुढे आमचे म्हणणे

प्रत्येक तालुक्याने अधिवेशनाच्या दोन महिने आधी बसावे आणि आपले पाच प्रश्न काढावेत. पाचच. वर नमुना दिला आहे, त्या भाषेत लिहावेत. गाव, तारीख, आकडा, कागदाचा क्रमांक घालावा. राज्याचे प्रश्न आमदाराला, दिल्लीचे प्रश्न खासदाराला. आमदार कोणत्या पक्षाचा आहे ते पाहू नये. आपला आमदार मंत्री असेल किंवा टाळत असेल, तर शेजारच्या मतदारसंघाच्या आमदाराला द्यावेत. प्रश्नाला तालुक्याची हद्द नसते. दिल्याची पोच घ्यावी.

अधिवेशन संपल्यावर पुन्हा बसावे. आपला प्रश्न यादीत आला का, तारांकित लागला की अतारांकित, उत्तर काय आले, हे तपासावे. सभागृहातल्या भाषणांचा अहवाल छापला जातो. विधिमंडळाच्या ग्रंथालयातून किंवा २००५ च्या माहिती अधिकारातून तो मागता येतो. तालुक्यातला एखादा शिकलेला पोरगा ते काम एका दिवसात करील. मिळालेले उत्तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावे. मंत्र्याने "देऊ, करू, चौकशी करू" असे म्हटले असेल तर ते आश्वासन आहे आणि आश्वासने पाळली की नाही हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. तिच्याकडे लेखी पाठवावे. आश्वासन म्हणजे सरकारने लिहून दिलेली चिठ्ठी आहे. सावकाराने आपली चिठ्ठी कधी हरवू दिली होती का? मग आपणच सरकारची का हरवू द्यावी?

हे सगळे मोर्चाच्या बदल्यात करायचे नाही, मोर्चाच्या जोडीने करायचे आहे. चरीच्या कुळांनी आणि जासईच्या शेतकऱ्यांनी हेच दाखवले. नुसता मोर्चा निघाला तर सरकार म्हणते, मागणी स्पष्ट नाही. नुसता प्रश्न विचारला तर सरकार म्हणते, माहिती गोळा करतो आहोत. आत प्रश्न आणि बाहेर माणसे, असे झाले की मग तारीख मिळते.

बोलणाऱ्याची मातीही विकते, न बोलणाऱ्याचे मोतीही पडून राहतात, असे आपल्याकडे म्हणतात. आपण तर कापूस पिकवतो, ज्वारी पिकवतो, आणि बोलायचे काम पाच वर्षांतून एकदा बटण दाबून दुसऱ्यावर सोपवतो. यापुढे आमदार गावात आला की हार मागून घाला. आधी पोचपावती पुढे करा आणि विचारा, "साहेब, आमचा प्रश्न कितव्या क्रमांकाला लागला आणि उत्तर काय आलं?"